बुद्धघोषच्या अभिनंदनाचा फ्लेक्स

इंदापुरात फ्लेक्सवर झळकायला माणसानं काही करून दाखवलंच पाहिजे असा नियम नाही. वाढदिवस पुरतो, आणि तो सगळ्यांनाच असतो. मागं एका बैलाचा वाढदिवस दोन चौकांत साजरा झाला. बैलाखाली शुभेच्छुकांच्या मुंडक्यांची जी ओळ छापली होती, तिच्यात बैलाएवढं काम केलेला एकही इसम नव्हता.

पण बारामती रस्त्याच्या कोपऱ्यावर बुद्धघोष सरवदेचा फ्लेक्स लागला, त्याची चर्चा बैलापेक्षा जास्त झाली. बैलाचा वाढदिवस निदान खरा होता.

बुद्धघोषचं नाव भारदस्त, अंगकाठी बेताची. आजोबांनी छप्पन सालानंतर दीक्षा घेतली, वडील एसटीत कंडक्टर होते. त्यांनी कुठल्याशा भंतेजींचं प्रवचन ऐकून पोराचं नाव ठेवलं आणि पोरगं चौथीत असताना वारले. मित्र नुसतं घोष म्हणतात. बायोडेटा टाइप करणाऱ्यानंही एकदा तेवढंच टाइप केलं, तेव्हा बारामतीच्या एका कंपनीतली पोरगी त्याला बंगाली समजून फोनवर हिंदीत बोलायला लागली. हाही घाबरून हिंदीतच उत्तरं देत राहिला. शेवटी पत्ता विचारल्यावर कळलं, दोघांचीही शाळा एकच.

लोणी देवकरच्या एका कारखान्यात पॅकिंगच्या लाईनवर त्यानं नऊ वर्षं काढली. शेवटची दोन वर्षं लाईन त्याच्याच ताब्यात होती, म्हणजे पगार ऑपरेटरचा आणि शिव्या सुपरवायझरच्या. मग मालकाला वाटलं की दुसऱ्या राज्यात वीज स्वस्त आहे. मशिनं ट्रेलरवर चढून निघून गेली. माणसं गेटवर राहिली.

नेमकी त्याच महिन्यात मेघना, त्याची बायको, बाळंतपणाला काटेवाडीला माहेरी गेलेली होती. पोरगी झाली. कागदावरचं नाव ठरेपर्यंत तिला पिंकी म्हणायला लागले आणि मग तेच चिकटलं. पाचवा महिना सरला तरी मेघना आली नाही. सासरे रविंद्रराव पोस्टातनं रिटायर झालेले, शांत माणूस, आवाज चढवायचा म्हणजे त्यांना पाप वाटायचं. बुद्धघोष आणायला गेला तेव्हा त्यांनी चहा पिताना बशीत बघूनच सांगितलं.

"पाहुणं, राग मानू नका. नोकरी लागली की लेकीला अन् नातीला मी स्वतः आणून सोडतो. तवर पोरीचं दूध-औषध हितं व्हतंय. तितं तुमी अन् विहीणबाई दोघंबी त्यांच्या पेन्शनीवर."

विहीण म्हणजे बुद्धघोषची आई, शालनबाई. नवऱ्याची पेन्शन तिला मिळायची आणि ती किती हे सासऱ्यांना बरोबर ठाऊक होतं, कारण पोस्टातला माणूस. बुद्धघोष पिंकीच्या मुठीत आपलं बोट देऊन बसला. पोरीनं ते घट्ट धरलं होतं, आणि निघताना सोडवताना त्याला घाम फुटला.

इंदापूरहून बारामतीला जायचं तर काटेवाडी वाटेतच लागते. नोकरी शोधायला तो आठवड्यातनं दोन-तीनदा बारामती एमआयडीसीत जायचा. काटेवाडी जवळ आली की तोंडाला रुमाल बांधायचा. ऊन नसलं तरी बांधायचा. एकदा मेघना रस्त्याकडंच्या दुकानात उभी होती, कडेवर पोरगी. तिनं मोटारसायकल ओळखली. हाक मारली नाही. संध्याकाळी फोनवर एवढंच म्हणाली, "रुमाल धुवा जरा, लांबनं बी मळका दिसतोय."

आता इंदापुरात नोकऱ्या देणारे थोडे आणि नोकरी कशी मिळवावी हे सांगणारे अमाप. त्यांत वडीलधारे म्हणजे धोंडीबा आबा. आबा साखर कारखान्याच्या हजेरी मांडणाऱ्या टाइम ऑफिसातनं रिटायर झालेले. त्यांच्या काळात एका चिठ्ठीवर माणूस चिकटायचा आणि साठीपर्यंत खुर्ची ऊबदार ठेवायचा. ते स्वतः असेच चिकटले होते. म्हणून जगातली प्रत्येक नोकरी चिठ्ठीनंच लागते हे त्यांनी एकदा ठरवलं, आणि ठरवल्यावर आबा पुन्हा विचार करत नाहीत.

"बायोडेटा कोण वाचतंय," आबा म्हणाले. "वजन बघत्यात. तू एकटा गेलास म्हंजी तुझ्या मागं कुणी न्हाय. आपण माऊलीला घिऊन जाऊ."

माऊली म्हणजे पंचायत समितीचे माजी सदस्य. माजी होऊन दोन निवडणुका झाल्या, पण इस्त्री मात्र आजी सदस्याची. त्यांची भली मोठी पांढरी गाडी होती आणि ती कुणाच्या तरी कामासाठी बाहेर काढायला त्यांनाही निमित्त हवंच होतं. तिघं बारामतीच्या एका कंपनीत गेले. गेटवरच्या वॉचमननं गाडी बघून सलाम ठोकला, तेव्हा आबांनी बुद्धघोषला कोपरानं ढोसलं. बघ.

एचआरला स्वरूपा मॅडम होत्या. तिशीच्या, चष्म्यातनं सरळ बघणाऱ्या. त्यांनी चहा मागवला.

"आपला पोरगा हाय," माऊली म्हणाले. "बघा काय ते."

"कोणत्या लाईनवर होता तुम्ही?" मॅडमनी बुद्धघोषला विचारलं.

"नऊ वर्षांचा अनुभव हाय त्याला," माऊली म्हणाले.

"मशिन कोणतं चालवत होता?"

"समदी चालवतो," आबा म्हणाले.

"लाईन बंद पडली तर आधी काय बघता?"

बुद्धघोषनं तोंड उघडलं. तेवढ्यात माऊली हसून म्हणाले, "आमच्या पोराच्या हाताखाली बंद पडतीच कशाला." मॅडमनी पेनाला टोपण लावलं आणि कळवते म्हणाल्या. चहा पिऊन तिघं उठले. तासाभरात बुद्धघोष एकच शब्द बोलला होता, तोही वॉचमनशी. गाडीत आबा म्हणाले, "झालं काम. चहा दिला म्हंजी झालंच." कंपनीत चहा सगळ्यांनाच देतात, हे आबांना कोण सांगणार.

कळवलं नाही. आबा डगमगले नाहीत. त्यांनी निदान बदललं. "तू रिकामा हाईस हे कळलं, तितंच घाण झाली. रिकाम्या माणसाला कोण इचारतंय. आता जाशील तितं सांग, अजून नोकरीवर हाय म्हणून."

दुसऱ्या कंपनीत त्यानं तसं सांगितलं. समोरचा साहेब तरुण होता, बुटाला माती लागलेली.

"म्हणजे लोणी देवकरलाच आहात अजून?"

"व्हय सर. रजा टाकून आलोय."

"मी रोज त्याच गेटवरून येतो," साहेब म्हणाला. "आत गुडघ्याएवढं गवत आहे आणि शेळ्या चरतात. रजा मंजूर कुणी केली?"

बुद्धघोष खाली बघत उठला. साहेब वाईट नव्हता. दारापर्यंत आला आणि म्हणाला, "कंपनी बंद पडली म्हणायला लाज कसली? ती तुम्ही थोडीच बंद पाडली." हे वाक्य त्याच्या डोक्यात नऊ मैल राहिलं. काटेवाडी आली, रुमाल बांधायच्या नादात ते सुटून गेलं.

मग एक दिवस अजितनं हाक मारली. अजित हा एमआयडीसीतला माणसं पुरवणारा ठेकेदार. सकाळी सहाला तो गेटसमोरच्या चहाच्या टपरीजवळ मोटारसायकलवर पाय टाकून बसतो आणि बोट दाखवील तो आत जातो. तो म्हणाला, दुधाच्या थंड खोलीत क्रेट उचलायचं काम आहे, उद्यापासून ये, लाईनवर जागा झाली की तुझं नाव मीच सांगतो.

बुद्धघोष आनंदानं घरी आला आणि नको तिथं जाऊन बोलला. म्हणजे आबांच्या ओट्यावर.

"सुपरवायझरीच्या उंबऱ्यावरचा माणूस क्रेट उचलणार?" आबा तंबाखू मळता मळता थांबले. "एकदा हेल्पर म्हणून आत गेलास की मरूस्तवर हेल्पर. अन् काटेवाडीला काय सांगणार? जावई क्रेट वाहतोय?"

हे शेवटचं लागलं. तो गेला नाही. त्याच्या जागी अजितनं सद्दामला घेतलं. सद्दाम हा खाजाचा मावसभाऊ, आणि खाजा म्हणजे बुद्धघोषचा शाळेपासूनचा जिवलग, ज्याचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. चार महिन्यांत सद्दाम थंड खोलीतनं लाईनवर आला. स्वेटर काढून.

"क्रेट लई जड असत्यात का हो?" हे कळल्यावर मेघनानं फोनवर विचारलं.

"तसं न्हाय."

"मग?"

पलीकडनं पिंकीचं रडणं ऐकू येत होतं. "मी तुमाला हापिसर बघून केलेलं न्हाय," मेघना म्हणाली. "कायबी करा, पन जे कराल ते मला खरं सांगा. दादांना मी बघते." तिचे दादा म्हणजे वडील.

वर्ष सरत आलं. शालनबाई रोज सकाळी वंदना झाली की पोराकडं बघायच्या नाहीत, चुलीकडं बघायच्या. बुद्धघोष दाढी एक दिवसाआड करायला लागला, मग आठवड्यानं. मोबाईलची रिंग त्यानं मोठी ठेवली होती, न्हाणीघरातही फोन न्यायचा. फोन यायचे, ते कर्ज पाहिजे का म्हणून विचारणारे.

आणि तेव्हाच स्वरूपा मॅडमच्या कंपनीतनं पुन्हा बोलावणं आलं. लाईन सुपरवायझरची जागा होती. नशीब असं की आबा तेव्हा चार दिवस लेकीकडं सोलापूरला गेले होते. सल्ला देणारं कुणी नव्हतं. बुद्धघोष एकटा, मोटारसायकलवर, धुतलेल्या शर्टात गेला. मॅडमनी तोच प्रश्न विचारला, लाईन बंद पडली तर आधी काय बघता. तो म्हणाला, "आधी माणसाचा हात कुठं हाय ते बघतो. मग मशिन." आणि जुनी कंपनी बंद पडली, वर्ष झालं, तेव्हापासून रिकामाच आहे, हेही सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, दोघांची नावं आहेत, सोमवारी या, सांगते.

परतताना काटेवाडीत त्यानं रुमाल बांधला नाही.

हे त्यानं खाजाला सांगितलं. तिथं पुन्हा चुकलं.

खाजा माणूस लाखात एक, पण त्याला जगातलं सगळं दहा बाय आठच्या मापात दिसतं. "फ्लेक्स लावू," तो म्हणाला.

"आरं, अजून लागली न्हाय नोकरी."

"म्हणूनच. नोकरी म्हंजी निम्मी हवा असती घोष. निकालाच्या आदल्या दिवशी मी विजयाचे फ्लेक्स छापतो, दोन्ही पार्ट्यांचे. ज्याचा आधी लागतो त्याला लोकं आधी नमस्कार करत्यात."

"अन् हारला तर?"

"मागची बाजू पांढरीच असती."

सोलापूरहून परतलेल्या आबांनीही मान डोलावली. पोराच्या मागं गाव आहे हे कंपनीला दिसलं की नाही म्हणायची हिंमत होत नाही, असं त्यांचं मत पडलं. बुद्धघोष हो म्हणाला नाही. नाही पण म्हणाला नाही. त्या संध्याकाळी मेघनानं व्हिडिओ पाठवला होता. पिंकी आज्याचं बोट धरून उभी राहत होती, एक पाऊल टाकत होती आणि बसत होती. त्यानं तो बघितला, परत बघितला, आणि लग्नातला सुटातला फोटो खाजाला पाठवून दिला.

शनिवारी फ्लेक्स लागला. सगळ्यात वर मधोमध तथागत आणि बाबासाहेब. आपल्याकडं शुभकार्याचा कुठलाही फ्लेक्स त्यांच्याशिवाय निघत नाही, आणि खाजानंही ते प्रेमानं, सोनेरी किनार देऊन बसवलं होतं. खाली सुटातला बुद्धघोष, पाठीमागं कुठल्यातरी परदेशातल्या उंच इमारती. "बारामती एमआयडीसीतील नामांकित कंपनीत सिनियर ऑफिसरपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन." तळाला शुभेच्छुकांची मुंडकी, त्यांत आबा गॉगल लावून.

"सिनियर ऑफिसर?" बुद्धघोषनं विचारलं.

"लाईन सुपरवायझर लई लांब हुतंय," खाजा म्हणाला. "तुझं नाव बारीक करावं लागलं असतं."

फ्लेक्सचा फोटो बुद्धघोषच्या आधी काटेवाडीला पोचला. रविवारी सकाळी दारात रिक्षा थांबली. आधी रविंद्रराव उतरले, हातात पेढ्यांचा पुडा. मग मेघना, कडेवर पिंकी, आणि बाळंतपणाला नेलेली निळी पेटी.

"जय भीम, पाहुणं," सासरे म्हणाले आणि पहिल्यांदाच त्यांनी जावयाला मिठी मारली. "माझं चुकलं असंल तर पोटात घाला. मी कोपऱ्यावर रिक्षा थांबवली. बाबासाहेबांच्या खाली तुमचं नाव बघितलं अन् डोळं भरून आलं माझं."

शालनबाईंनी नातीची दृष्ट काढली. गल्लीतल्या बाया जमल्या, पेढे संपले, अजून आणले. मेघना नवी साडी नेसली होती. सगळ्यांसमोर काही बोलली नाही, पण तो स्वयंपाकघरात पाणी न्यायला आला तेव्हा हळूच विचारलं, "कधी हजर व्हायचंय?"

"उद्या," बुद्धघोष म्हणाला.

दिवसभर पिंकी त्याच्या अंगाखांद्यावर होती. अनोळखी माणसाला बघून रडेल असं वाटलं होतं, ती रडली नाही. ती त्याचा कान ओढत राहिली. बुद्धघोषला हसता येत नव्हतं आणि रडायला जागा नव्हती. इतकी माणसं घरात.

सोमवारी मेघनानं डबा भरून दिला. भेंडीची भाजी, चपात्या, कोपऱ्यात एक पेढा. तो बारामतीत पोचला तेव्हा स्वरूपा मॅडमच्या टेबलावर मोबाईल पालथा पडलेला होता. त्यांनी तो सुलटा करून पुढं सरकवला. पडद्यावर तो स्वतःच होता, सुटात.

"कंपनीचं नाव न्हाय त्यात मॅडम," तो घाईनं म्हणाला.

"नाव नाही. पण शुभेच्छुकांत तिसरा आमच्या बसचा ड्रायव्हर आहे. त्यानंच ग्रुपवर टाकला." त्या जरा थांबल्या. "मोठ्या साहेबांनी मला विचारलं, निवड तुम्ही कधी केलीत आणि ऑफिसरपद कधी काढलंत. शेवटी जागा दुसऱ्याला दिली."

"मॅडम, ते मित्रानं..."

"ऐका. पहिल्यांदा तुम्ही पांढऱ्या गाडीतनं आलात, तेव्हाच मी तुमचा कागद बाजूला ठेवला होता. अशी माणसं आत आली की उद्या साध्या गैरहजेरीवर बोलायची सोय राहत नाही, लगेच कुणाचा तरी फोन येतो. मग जागा निघाली आणि नऊ वर्षांचा अनुभव बघून मी पुन्हा बोलावलं. गेल्या आठवड्यात तुम्ही एकटे आलात, सरळ बोललात. तुमचं नाव मी वर लिहिलं होतं. शनिवारी सकाळपर्यंत ते वरच होतं."

बुद्धघोषनं हात जोडले. म्हणाला, हेल्पर म्हणून घ्या, झाडायला घ्या, बायको काल आली आहे. मॅडमनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, "हेल्पर ठेकेदाराकडनं येतात. ते माझ्या हातात नाही." आणि त्यांनी चहा मागवला. तो त्यानं घेतला नाही.

एमआयडीसीतनं बाहेर पडल्यावर तो कुठं कुठं फिरला ते त्याचं त्यालाही सांगता येत नाही. दुपार टळली तेव्हा तो काटेवाडीच्या अलीकडं कालव्याच्या पुलावर होता. पाणी सुटलेलं, काठोकाठ, वर उसाची पाचट वाहत चाललेली. मोटारसायकल स्टँडला लावली होती. डबा हँडलला तसाच, न उघडलेला. त्याच्या मनात काय काय आलं ते इथं मांडायचं कारण नाही. पायातल्या चपला काढून त्यानं कठड्याजवळ नीट जोडीनं ठेवल्या होत्या, एवढं खरं.

फोन वाजला. न्हाणीघरातही नेऊन सवय झालेला हात आपोआप खिशात गेला.

"घोष, कुठं हाईस?" खाजा होता. "कोपऱ्यावरची एक तार सुटलीय. वाऱ्यानं फ्लेक्स वरनं दुमडतोय, बाबासाहेबांचा फोटो चुरगळंल. मी शिडी घिऊन जाऊ का?"

बुद्धघोषनं जोडीनं ठेवलेल्या चपलांकडं बघितलं.

"घोष?"

"हात लावू नको," तो म्हणाला. "मी येतोय. मीच काढतो."

"काढतो? का रं?"

त्यानं फोन ठेवला आणि चपला घातल्या.

तो पोचला तेव्हा कोपऱ्यावर ऐन संध्याकाळची गर्दी होती. एसटीची वाट बघणारे, भाजीवाल्या, शाळा सुटलेली पोरं. खाजा शिडी धरून उभा होता आणि शेजारच्या पानटपरीच्या बाकावर आबा, नुसते बघायला. बुद्धघोष शिडीवर चढला. येताना वाटेत त्यानं ठरवलं होतं, टराटरा फाडायचा, सुट, इमारती, सिनियर ऑफिसर, सगळं. वर गेल्यावर हात अडला. त्याचं थोबाड फाडायचं तर फ्लेक्स एकसंध होता आणि वरनं तथागत आणि बाबासाहेब बघत होते. फाडता येत नव्हता, फेकता येत नव्हता, आणि मागची पांढरी बाजू वर करून शेळ्यांच्या गोठ्यावर टाकायची तर सोयच नव्हती. इतरांचे फ्लेक्स पावसाळ्यात गोठ्यावर जातात. ह्याचा जाणार नव्हता.

त्यानं एकेक तार पिळा उलगडून सोडवली.

"आरं, एवढ्यात काढतोस?" आबा खालून म्हणाले. "पुढाऱ्यांचे दोन-दोन महिने राहत्यात."

"नोकरी न्हाय लागली आबा," बुद्धघोष वरनंच म्हणाला.

आवाज मोठा नव्हता, पण भाजीवालीनं तराजू धरलेला हात खाली घेतला. कुणीतरी खिदळलं. शाळेतल्या पोरांनी मोबाईल काढले. खाजानं मान खाली घालून शिडी धरून ठेवली. मग दोघांनी रस्त्याच्या कडेला फ्लेक्स पसरला आणि घडी घातली, वरचे दोन्ही फोटो घडीवर येऊ न देता. त्यामुळं बुद्धघोषच्या तोंडावरनं मात्र तीनदा घडी गेली.

घरी मेघना दारातच होती. गल्लीत बातम्या पायांनी येत नाहीत, त्या आधीच येऊन बसलेल्या असतात. तरी त्यानं तिला सगळं सांगितलं, कालव्यापर्यंतचं. शालनबाई भिंतीला टेकून ऐकत होत्या. पिंकी झोपली होती.

मेघनानं त्याच्या काखेतल्या फ्लेक्सच्या घडीकडं बोट केलं.

"दादांशी खोटं बोललात, ते मी सोसलं असतं," ती म्हणाली. "माझ्याशी बोललात, तेबी एखाद्या वक्ती. पन कुनाच्या फोटोखाली खोटं लावलंत ते बघितलं का? माझा बाप हात जोडून उभा राहिला हुता तितं."

बुद्धघोषनं फ्लेक्स कपाटावर ठेवला. मेघना उठली, धुतलेली एक चादर आणली आणि त्यावर गुंडाळली.

सकाळी तिनं निळी पेटी भरली. रागानं नाही, आदळआपट नाही. शालनबाई पिंकीला सोडत नव्हत्या, तिनं हळूच सोडवून घेतली. "आत्या, रडू नका," म्हणाली. मग त्याला म्हणाली, "चला, सोडा मला. रिक्षा नको, गाडीवरच."

काटेवाडीपर्यंत ती मागं बसली होती, पोरगी दोघांच्या मध्ये, पेटी पुढं टाकीवर. रुमाल मेघनाच्या हातात होता, त्यात ती पिंकीचं नाक पुसत होती. दारात रविंद्रराव उभे. बुद्धघोष त्यांच्यापुढं वाकला आणि जे होतं ते सांगितलं. सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. ते आत गेले आणि त्यांनी दार लोटलं नाही, उघडंच ठेवलं, पण पुन्हा बाहेर आले नाहीत.

इंदापुरात ह्या प्रकरणाचा निकाल पानटपरीच्या बाकावर लागला. आबांचं म्हणणं असं पडलं की दहा बाय आठचा फ्लेक्स लहान पडला. वीस बाय दहाचा हवा होता, दोन चौकांत. आणि माऊलींचा फोटो नव्हता, तिथं सगळं फसलं. चार जणांनी माना डोलावल्या. त्यांतल्या एकाच्या पोराला परवा मुलाखत आहे, आणि माऊलींची गाडी सांगून ठेवली आहे.

बुद्धघोष आता पहाटे पाचला निघतो. सहाला अजितच्या समोर उभा राहतो, पंचवीस-तीस जणांत. पहिल्या दिवशी अजितनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "ऑफिसर, तुमी हितं कुठं?" सगळे हसले. तोही हसला असावा. त्या दिवशी बोट त्याच्याकडं आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी थंड खोलीत एक माणूस कमी पडला.

क्रेट जड असतात. बोटं संध्याकाळपर्यंत सुन्न होतात, मोटारसायकलचा क्लच दाबताना कळत नाही. आठवड्यातनं तीन दिवस काम मिळतं, कधी दोन. लाईनवर जागा झाली की सांगतो, असं अजित ह्या वेळी म्हणालेला नाही. काचेपलीकडं लाईन चालू असते आणि तिथं सद्दाम उभा असतो, तो हात करतो.

काटेवाडीच्या स्टॉपवर मेघना पहाटे डबा घेऊन उभी असते. वडलांना विचारून नाही. अंधारच असतो, पिंकी घरात झोपलेली. डबा देते, बोलत नाही. परतताना ती पुन्हा तिथंच असते. तो गाडी बंद न करता एवढंच सांगतो, आज होतं, किंवा आज न्हाय. काम नसलं की डबा भरलेलाच परत देतो. ती तो उघडते, अर्धी चपाती त्याच्या हातावर ठेवते आणि त्यानं खाईपर्यंत थांबते.

परवा त्यानं विचारलं, "पिंकी चालायला लागली का?"

"लागली."

"धरून?"

मेघनानं डब्याचं झाकण लावलं. "न्हाय," ती म्हणाली. "सोडून." आणि रस्ता ओलांडून घराकडं गेली. घराचं दार उघडं होतं. तो गाडीवर बसून होता, आत जावं की जाऊ नये ते ठरत नव्हतं, आणि विचारायला त्या रस्त्यावर कुणीही नव्हतं.